विचारलं, सर

मी बोलतोय. दचकू नका, इकडेतिकडे शोधू नका. इथेच, आडवा पडलोय तो मी. आमच्या कॉलेजात सगळे मला कुंजुमोन म्हणतात. घरातल्या शेंडेफळाला लाडानं ठेवतात तसलं नाव. साडेपाच फूट उंची, बावन्न किलो वजन, डोक्यावर एक केस नाही, आणि नाव शेंडेफळाचं. नाव ठेवणाऱ्यांना काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

मी माणूस नाही, माणसासारखा बाहुला आहे. मांस एका घट्ट प्लॅस्टिकचं, आत हाडं, फुप्फुसांच्या जागी फेसासारखं काहीतरी भरलेलं. एक्स-रे काढला तर आतून अगदी तुमच्यासारखा दिसतो. तुमच्यापेक्षा बरा दिसतो म्हणा ना, माझे मणके जागच्या जागी आहेत. एक्स-रे काढायला शिकणाऱ्या पोरापोरींनी जिवंत माणसाला हात लावण्याआधी माझ्यावर हात बसवावा, एवढ्यासाठी मला बनवलं. कितीही वेळा निजवा, कुशीवर वळवा, बटण दाबा. मी तक्रार करत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते कोचीचं बंदर. खोक्यात झोपून आलो होतो. बंदरावर सामान तपासायचं यंत्र असतं. खोकं त्यातून सरकलं आणि पडद्यावर अख्खा माणूस दिसला, कवटीपासून टाचेपर्यंत. तपासणाऱ्या साहेबाच्या हातातली पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी, चहात पडली. पोलीस आले, खोकं फोडलं. एक हवालदार माझ्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का ते बघत होता. मी गप्प पडून राहिलो. ही माझी पहिली चेष्टा, आणि तीही काहीएक न करता साधलेली. तेव्हापासून चटक लागली ती लागलीच.

तिथून आलप्पुळाजवळच्या या कॉलेजात आलो. तळमजल्यावरची प्रयोगशाळा, खिडकीबाहेर कालवा. चौदा वर्षं याच खोलीत काढली. शिक्षण म्हणाल तर अर्धमुर्धं. कुठलं हाड कुठे, रोग्याला कसं निजवायचं, हे इथे शिकवतात, ते मला पाठ आहे. किरणांचं गणित वरच्या मजल्यावर शिकवतात. तिथे मला कधी कुणी नेलं नाही. बावन्न किलो जिन्यावरून चढवणार कोण?

शिकवायचे कुरुविला सर. चष्मा कपाळावर चढवून तो खोलीभर शोधणारा माणूस. शोधताना माझ्या डोक्याखालीसुद्धा हात घालून बघायचे. मला पुसायची तंकमणी चेची, म्हणजे तंकमणीताई. प्रयोगशाळेत ती माझ्याही आधीपासून आहे आणि प्राचार्यसुद्धा तिला चेचीच म्हणतात. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन यायची आणि माझ्याशी भांडायची.

"पाय बघा कसे झालेत. कुठे फिरून आलास रे? शेतात?"

पाय पोरांच्या हातानं मळायचे, शिव्या मला. पण खरं सांगतो, मला ते आवडायचं.

आता माझ्या खोडीबद्दल. माझ्या उजव्या खांद्याचा स्क्रू ढिला आहे. हात निसटतो. सगळ्यांना वाटायचं, आपोआप निसटतो. स्क्रू ढिला होता हे खरं, पण हात कधी सोडायचा ते माझं मी ठरवत होतो. परीक्षेच्या दिवशी एखादा शिष्ट पोरगा सगळं जमवून, मागे सरून बटणाला बोट लावतोय, की मी हात सोडायचो. थप्प. पोरगा परत धावत येऊन हात उचलतो, तोवर मी मान कलती करतो. मान सरळ करतो, तोवर पाऊल बाहेर पडतं. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघतात, पोरगा घामानं निथळतो. इतकी मजा मला दुसऱ्या कशात आली नाही. हसणाऱ्याचा आवाज बाहेर येत नसला तर जास्त हसता येतं, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

आमच्या वर्गाची आणखी एक रीत होती. रोज माझ्या गळ्यात एक कार्ड अडकवायचे. सोमवारी मी छातीत कफ झालेला म्हातारा, मंगळवारी माडावरून पडलेला माणूस, बुधवारी कंबर धरलेली बाई. पोरांनी मला केव्हाच पेनानं मिशा काढल्या होत्या, पण बुधवारी त्या मिशांसकट मी बाई. कार्ड वाचून विद्यार्थ्यानं रोग्याला प्रश्न विचारायचे: नाव काय, वय काय, कुठे दुखतं. बाई असेल तर शेवटची पाळी कधी आली, पोटात बाळ आहे का. सरांच्या हातात कागद असायचा. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्यांनी खूण करायची.

आता प्लॅस्टिकला प्रश्न विचारायचा म्हणजे लाजच. उत्तर तर येणार नाही. म्हणून मग अशी रीतच पडून गेली होती की विद्यार्थ्यानं टेबलाजवळ यायचं, माझ्याकडे न बघता म्हणायचं, "विचारलं, सर." आणि सरांनी सगळ्या प्रश्नांपुढे एका दमात खुणा करायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला तर अजिबात नाही. मला कुठे उत्तरं द्यायची होती?

मग त्या वर्षी जिस्मी आली.

कुट्टनाडातली पोरगी. बापाची बदकं होती आणि बोलायची सवय तिला बदकांशी बोलूनच लागली असावी, असं पोरं म्हणायची. ती मला खरोखर प्रश्न विचारायची. टेबलाजवळ यायची, माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "नाव काय तुमचं?" आणि थांबायची. नीट थांबायची. इतका वेळ थांबायची की नाव सांगून टाकावं, असं मलाच वाटायचं. मग, "वय?" परत थांबायची.

"जिस्मी, त्याचं उत्तर आलं की आम्हाला हाक मार," शम्नाद म्हणायचा. वर्गातला सगळ्यात वात्रट. "आम्ही तोवर जेवून येतो."

"परीक्षेत दहा मिनिटं असतात, बाई," कुरुविला सर म्हणायचे. "तू चौकशी करतेयस की याचं लग्न जमवतेयस?"

"सवय लागावी म्हणून, सर."

"लागेल, लागेल. इस्पितळात गेल्यावर लागेल."

एका बुधवारी माझ्या गळ्यात कार्ड होतं: सरसम्मा, वय एकतीस, कंबरदुखी. त्या दिवशी जिस्मीचा नंबर होता. नाव विचारलं, वय विचारलं, कुठे दुखतं विचारलं. वर्ग मागे कुजबुजत उभा. मग ती जरा वाकली आणि हळू आवाजात, खऱ्या बाईला विचारावं तसं, म्हणाली, "चेची, शेवटची पाळी कधी आली होती? पोटात बाळ असण्याची शक्यता आहे का?"

आणि थांबली.

मला राहवलं नाही. मी हात सोडला. पण टेबलाखाली नाही, आत वळवून सोडला. बरोबर पोटावर. थप्प.

वर्गाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं.

"सर, चौथा लागलाय!" शम्नाद ओरडला.

"पण बाप कोण?" मागून कुणीतरी.

"तो कोपऱ्यातला सांगाडा, दुसरा कोण? सुटीत दोघंच होते इथे."

कुरुविला सर इतके हसले की कपाळावरचा चष्मा खाली येऊन नाकावर बसला. तंकमणी चेची दाराशी बादली घेऊन उभी होती, तीही हसली. सगळ्यांत जास्त मी हसलो. चौदा वर्षांतली माझी सगळ्यात झकास खोडी होती ती.

जिस्मी रडली नाही. तिनं माझा हात उचलला, अलगद, दुखू नये अशा बेतानं, आणि बाजूला नीट ठेवला. कान लाल झाले होते. पुढचं सगळं तिनं बरोबर केलं.

महिनाभर पोरांनी तिला सोडलं नाही. कँटीनमध्ये, बसथांब्यावर, जिथे दिसेल तिथे "कितवा लागला गं?" पुढच्या बुधवारी ती टेबलाजवळ आली, माझ्याकडे न बघता उभी राहिली आणि म्हणाली, "विचारलं, सर."

सरांनी खुणा केल्या. "शहाणी झालीस," म्हणाले.

मलाही तसंच वाटलं.

शेवटच्या वर्षी मुलांना कॉलेजाच्या इस्पितळात पाठवतात, खऱ्या रोग्यांवर. वर्ग रिकामा झाला आणि मी कंटाळून पडलो होतो. एका मंगळवारी दुपारी जिस्मी एकटीच आली. तंकमणी चेची मला पुसत होती. जिस्मी बाकावर जाऊन बसली.

"काय झालं गं? जेवलीस का?"

"चेची, माझ्या हातून झालंय."

मग तिनं सांगितलं. प्रसन्ना नावाची बाई. काथ्याच्या कारखान्यात काम करणारी, वय सदतीस. बोटीच्या धक्क्याच्या पायरीवरून घसरली, कंबर धरली, म्हणून एक्स-रे काढायला आली. बाहेर चाळीस माणसांची रांग. टेक्निशियन साहेब जेवायला गेलेले. शिकणाऱ्या पोरीला एकटीला सोडू नये, पण सोडलं होतं. जिस्मीनं बाईला निजवलं, दोन एक्स-रे काढले, उत्तम आले. तीन आठवड्यांनी कळलं की त्या दिवशी बाईच्या पोटात बाळ होतं. लग्नाला अकरा वर्षं झालेली, पहिलंच.

"तू विचारलं नाहीस?"

"माझे ओठ हलले, चेची. 'विचारलं, सर' असं म्हणाले मी. सर तिथे नव्हतेच. ती बाई आणि मी, दोघीच होतो खोलीत. आणि मी म्हणाले, 'विचारलं, सर', आणि बटण दाबलं."

चेचीच्या हातातलं फडकं माझ्या गुडघ्यावर तसंच राहिलं.

"आता ते मूल ठेवत नाहीयेत," जिस्मी म्हणाली. "वाकडं निपजेल म्हणतात. सगळी आळी तेच म्हणतेय. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं काही होणार नाही, तर सासू म्हणाली, चूक इस्पितळाची, डॉक्टर इस्पितळाची, ती दुसरं काय सांगणार? शुक्रवारची तारीख घेतलीय बाहेरच्या दवाखान्यात."

मी पडून होतो. हात जागच्या जागी होता. त्या खांद्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

संध्याकाळी कुरुविला सर आले. त्यांना कळलं होतं. चष्मा शोधत नव्हते, डोळ्यांवरच होता. चेचीला म्हणाले, "मी खूण केली होती, चेची. तिनं न विचारलेल्या प्रश्नापुढे मीच खूण केली होती. आणि तिला शहाणी म्हणालो."

"आता बोलून काय उपयोग? काहीतरी करा."

तेव्हा ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, कळलं यांना. पण ते माझ्या कमरेकडे बघत होते. माझ्या ओटीपोटात एक बूच आहे. ते काढलं की बोटभर पोकळी लागते, बाईचं गर्भाशय असतं साधारण त्या जागी. किरणं आतपर्यंत किती पोचतात ते मोजायचं मापक तिथे ठेवता येतं. कारखान्यात मला खरं तर त्यासाठीही बनवलं होतं. चौदा वर्षांत ते बूच कुणी उघडलं नव्हतं.

सर स्वतः प्रसन्नाच्या घरी गेले. काय बोलले, किती ऐकून घेतलं, मला माहीत नाही. परत आले तेव्हा चेचीला एवढंच म्हणाले, "गुरुवारी येतील. कागदावर विश्वास नाही म्हणाल्या, डोळ्यांनी बघू म्हणाल्या."

गुरुवारी मला चौघांनी उचललं. चौदा वर्षांत पहिल्यांदा खोलीबाहेर पडलो. चेचीनं अंगावर चादर घातली होती. इस्पितळाच्या व्हरांड्यातले लोक बाजूला झाले, एका आजीनं छातीवर क्रूस काढला, एकानं टोपी काढली. एरवी असतं तर चादरीतून हात बाहेर काढून मी अर्धं इस्पितळ पळवलं असतं. त्या दिवशी बोटसुद्धा हलवलं नाही.

तीच खोली, तेच यंत्र, तेच टेबल. प्रसन्ना भिंतीशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी. मोठ्या हाडाची बाई, हाताला काथ्याचे चरे. शेजारी सासू, कार्त्यायनी अम्मा. सरांनी चादर काढली. अम्मांनी मला खालून वर निरखलं.

"याला मिशा आहेत," त्या म्हणाल्या.

"पोरांनी काढल्यात, अम्मा."

"माझ्या सुनेला मिशा नाहीत."

"किरणांना मिशा दिसत नाहीत, अम्मा. आतलं मोजायचंय."

चेची गुपचूप स्पिरिटचा बोळा घेऊन पुढे आली आणि माझ्या मिशा पुसून टाकल्या. अम्मांचं तेवढ्यानं थोडं समाधान झालेलं दिसलं.

सरांनी बूच काढलं, पेनाएवढं मापक आत सरकवलं. त्या दिवशीचे आकडे यंत्राच्या वहीत होते. ते अम्मांना दाखवून तसेच लावले. मग सर म्हणाले, "जिस्मी, त्या दिवशी यांना निजवलं होतंस तसंच निजव. जरासुद्धा सुधारू नकोस."

जिस्मीचे हात थंड होते. आधी मला उताणं ठेवलं, मग कुशीवर वळवलं. वर घेतलेला हात खांद्यातून सुटू बघत होता, आणि या वेळी मी सोडत नव्हतो, तो आपोआप सुटत होता. इतकी वर्षं ज्याचं सोंग केलं ते खरंच होऊन बसलं होतं. मी धरून ठेवला. कसा, ते विचारू नका. दोनदा बटण दाबलं गेलं. सगळे बाहेर जाऊन परत आत आले.

सरांनी आकडा वाचला. मग अम्मांना वाचायला दिला. अम्मांनी तो प्रसन्नाला वाचायला लावला.

"दोन मिलिग्रेसुद्धा नाही भरत," सर म्हणाले. "शंभरच्या खाली असेल तर मूल काढायचं कारण नाही, असं आमच्या पुस्तकांत लिहिलंय."

"दोन म्हणजे किती?" अम्मा म्हणाल्या. "आकडे मला नका सांगू."

सरांनी जरा विचार केला. "समजा शंभर पायऱ्या उतरल्यावर पाण्याला पाय लागतो. तुमची सून दोन पायऱ्या उतरलीय."

"आणि त्या दोन तरी का उतरवल्या?"

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "त्या माझ्या शिकवण्यानं उतरवल्या, अम्मा."

प्रसन्ना मापकाकडे बघत नव्हती, जिस्मीकडे बघत होती.

"त्या दिवशी तू माझं नावसुद्धा विचारलं नव्हतंस," ती म्हणाली.

"नाही, चेची."

"घाईत होतीस?"

"नाही. म्हणजे, होते. पण त्यामुळे नाही." जिस्मी तिच्याकडे वळली. "विचारायची सवय होती मला. सोडून दिली मी."

"का?"

जिस्मीनं माझ्याकडे बघितलं नाही. मी वाट बघत होतो की तिनं बघावं. तिनं सांगावं, याच्या हातामुळे. ती म्हणाली, "माझीच चूक, चेची."

"मग आता विचार," प्रसन्ना म्हणाली. "सगळं विचार. पहिल्यापासून."

जिस्मीनं ओढणी सावरली. पुढे जाऊन त्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"नाव काय तुमचं?"

"प्रसन्ना."

"वय?"

"सदतीस."

"कुठे दुखतं?"

"आता कुठे नाही."

जिस्मी वाकली. आवाज पार खाली गेला होता. "चेची, पोटात बाळ असण्याची शक्यता आहे का?"

आणि थांबली. अम्मांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी प्रसन्नानं हात वर करून त्यांना थांबवलं. यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता.

"आहे," प्रसन्ना म्हणाली.

मग सासूकडे वळून, साध्या आवाजात, बाजारचं सांगावं तशी म्हणाली, "अम्मा, उद्या कुठे जायचं नाही."

यानंतर ज्याला त्याला आपापला दोष मिळाला. टेक्निशियन साहेबांना ठपक्याचा कागद आला. जिस्मीला तीन महिने इस्पितळात पाय ठेवायची बंदी झाली. ती तीनही महिने रोज प्रयोगशाळेत येऊन बसली आणि मग परीक्षा देऊन पास झाली. आता इडुक्कीकडे डोंगरात नोकरी करते. कुरुविला सरांनी चौकशीत सगळं स्वतःवर घेतलं. "विचारलं, सर" म्हणायला वर्गात बंदी आली. शम्नादसुद्धा एकदा जिस्मीशी बोलताना घुटमळताना मी पाहिला, सॉरी म्हणाला असावा, तोंडातल्या तोंडात.

मला मात्र कुणी काही म्हणालं नाही. उलट त्या गुरुवारी परत आणल्यावर तंकमणी चेचीनं माझ्या टकलावर हात फिरवला आणि म्हणाली, "आज कुंजुमोननं काम केलं बघ." प्राचार्यांनी मला नवीन चादर मंजूर केली. चौदा वर्षांत पहिल्यांदा शाबासकी मिळाली, आणि ती अशी. ओरडून सांगावंसं वाटलं, अगं चेची, मीच होतो. पण आमची तोंडं बोलायला बनवत नाहीत. म्हणून आता मनातल्या मनात तुम्हालाच सांगतोय. दोषाचा माझा वाटा कुणी देत नाही, म्हणून स्वतः मागून घेतोय.

सध्या मी प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीशी आहे. छातीवर व्हॉलीबॉलचं जाळं ठेवलंय. नवीन संगणक आलाय. त्याच्या पडद्यावर रोगी दिसतो, बोलतो, कण्हतो, आणि प्रश्न विचारला नाही तर पुढचं काही करूच देत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. दिसायला फालतू आहे, पण उत्तर देतो. खांद्याचा स्क्रू कुरुविला सरांनी आवळून दिलाय. आवळला नसता तरी चाललं असतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी पोरगी भिंतीला, बाहुलीला, बदकाला प्रश्न विचारून थांबलेली दिसली, तर हसू नका. हसण्याला माझी ना नाही, मी हसण्यावरच जगलो. पण तेवढं एक ठिकाण सोडा. आणि तुम्ही स्वतः त्या टेबलावर निजलात आणि तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही, तर उठून बसा. तुम्हाला उठता येतं.

प्रसन्नाला मुलगी झाली. चेचीनं जाळं बाजूला करून मला पुसताना सांगितलं. नर्सनं बाळ हातात दिलं तेव्हा कार्त्यायनी अम्मांनी मुलगा की मुलगी तेही बघितलं नाही म्हणे. आधी हाताची बोटं मोजली. मग पायाची. मग परत हाताची. वीस भरली, तेव्हा कुठे त्या हसल्या आणि सुनेकडे बघितलं.

चेची हे हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. लोक बाळाला उचलतात, नाक कुणाचं, डोळे कुणाचे म्हणतात. त्या घरात आधी बोटं मोजली. एकापासून वीसपर्यंत मोजायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती बाई पलंगावर पडून सासूच्या ओठांकडे बघत राहिली. तेवढा वेळ माझा आहे. तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारू नका.